कोरडा जोड

विश्राम परब बोलताना कधी समोरच्याच्या डोळ्यांत बघायचा नाही. तो छातीकडे बघायचा. बायकांच्या बाबतीत यातून काय अनर्थ होऊ शकतो हे त्याला कोणीतरी लग्नाआधीच बजावलं असावं, कारण बायकांशी बोलताना तो नजर त्यांच्या बाजूच्या भिंतीवर ठेवायचा. पण उंची तीच, जमिनीपासून साडेचार फूट. कांदिवलीतल्या आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर एका पावसाळ्यात पाणी तेवढं चढलं होतं, आणि तेव्हापासून विश्रामला प्रत्येक माणूस तिथून खाली पाण्यात उभा असलेला दिसायचा. हे मला फार उशिरा कळलं. तोवर माझं मत साधं होतं, की माणूस हुशार आहे पण डोक्यात काहीतरी हललेलं आहे.

उंची विचारायची खोडही होती. माझ्या मुलाच्या लग्नानंतर घरी सत्यनारायण होता. विश्राम आला, तीर्थ घेतलं, प्रसाद घेतला. नव्या सुनेने वाकून नमस्कार केला, तर आशीर्वाद राहिला बाजूला आणि हा विचारतो, "उंची किती गं तुझी?"

पोरगी गोंधळली. "पाच फूट, काका."

हातात शिरा तसाच धरून त्याने थोडा वेळ भिंतीकडे पाहिलं आणि म्हणाला, "बरं झालं, तुम्ही दुसऱ्या मजल्यावर राहता." सून नंतर माझ्या बायकोला विचारत होती, ते काका असं का म्हणाले? बायको म्हणाली, ते डॉक्टर आहेत.

डॉक्टर होता तो, पण पावसाचा. इमारतीत नवीन आलेलं कोणी ना कोणी पोर खोकतंय म्हणून त्याचं दार वाजवायचंच. तो दार उघडायचा, पोराच्या डोक्यावर हात ठेवायचा, पोराची उंची विचारायचा आणि नाक्यावरच्या दवाखान्याचा पत्ता द्यायचा. त्याची नोकरी पवईला एका संस्थेत होती. तिथे तो आणि त्याचे सहकारी कॉम्प्युटरवर पन्नास वर्षांनंतरचा पाऊस बघायचे. दिवसभर तो पाऊस बघून विश्राम संध्याकाळी घरी यायचा आणि आमच्याकडे बघायचा. त्या नजरेखाली चहा पिणं सोपं नव्हतं.

आम्ही दोघे याच इमारतीत वाढलो. दोघांचे बाप एकाच गिरणीत होते, दोघांनी एकाच वर्षी गावचं थोडं विकून, थोडं उसनं घेऊन इथे जागा घेतल्या, त्याच्या बापाने तळमजल्यावर, माझ्या बापाने दुसऱ्या मजल्यावर. तळमजला आणि वर तीन मजले, लिफ्ट नाही, मागच्या बाजूला नाला. विश्राम त्याला नाला म्हणू द्यायचा नाही. "नदी आहे ती," म्हणायचा. "आपण तिला नाला म्हटलं म्हणून तिला थोडंच कळतं?" पुढे मी सोसायटीचा सेक्रेटरी झालो, कारण दुसरं कोणी तयार नव्हतं, आणि तो मला नावाने हाक मारायचाच विसरला. "अरे सेक्रेटरी," एवढंच.

रोज सकाळी साडेआठला तो गच्चीवर जाऊन पर्जन्यमापकातलं पाणी मोजायचा. बारा महिने. उन्हाळ्यात तिथे काय मोजतो म्हणून मी एकदा मागोमाग गेलो, तर रिकाम्या नळीत वाकून बघत होता. वहीत शून्य लिहिलं, आणि त्यापुढे बारीक अक्षरात आणखी काहीतरी. मी वही घेऊन वाचली. 'आयेचा डावा गुडघा. मुंग्या तिसऱ्या पायरीपर्यंत. नदीला वास नाही.' पावसाच्या आकड्यांशेजारी त्याच्या आईचा गुडघा वर्षानुवर्षं नोंदलेला होता. मी हसलो. तो म्हणाला, "यंत्र कळवतं त्याच्या आधी कधीकधी आये कळवते. का ते मला माहीत नाही. माहीत नाही म्हणून लिहायचं नाही, असं थोडंच आहे?" ज्या सकाळी त्याचे वडील गेले, त्या सकाळीही तो साडेआठला प्रेतापासून उठला, गच्चीवर गेला आणि पाच मिनिटांत परत येऊन होता तिथे बसला. लोकांना ते आवडलं नाही. मलाही नाही. पण त्याच्या आईने मान हलवली, जणू तो कोणालातरी निरोप देऊन आला होता.

आये म्हणजे त्याची आई. साऱ्या इमारतीची आये. गुडघ्यांनी जवळजवळ बसलेली, पण तोंडाने आणि कानांनी ठणठणीत. विश्रामने आयुष्यभर सगळं मोजलं. पाणी, वारा, भरती, भिंतीवरची ओल, सगळं. एक गोष्ट सोडून. माणसं मोजायची त्याला घरात बंदी होती.

हे मला आयेनेच सांगितलं. गावी तरीवर होडीत बसताना तांडेलाने, म्हणजे होडीवाल्याने, विचारलं होतं, पोरां किती? आयेने एकेकाच्या डोक्याला हात लावून मोजली आणि म्हणाली, पाच. दिवाळीच्या आत चार उरली. धाकटा घरामागच्या व्हाळात, म्हणजे ओढ्यात, गेला. एरवी त्यात घोटाभर पाणी असायचं. त्या दिवशी डोंगरावर कुठेतरी पाऊस झाला होता, घराशी लख्ख ऊन होतं. सात वर्षांचा विश्राम काठावर उभा होता. "पाणी येताना दिसला नाय ताका," आये म्हणाली. "उन्हातसून इला ता." मग माझ्याकडे बघून, "माणसां मोजूची नसतत. मोजलीस तर कोण तरी आयकता."

ती हे अगदी साध्या आवाजात म्हणाली, दळण आणायला सांगावं तसं. दुपारचे चार वाजले असतील. मी उगाचच मागे वळून पाहिलं.

विश्रामला परदेशातून बोलावणी आली होती, एकदा नव्हे दोनदा. तो गेला नाही. त्याच्या बायकोने, मीनलवहिनीने, एकदा माझ्या बायकोजवळ मन मोकळं केलं, की बाहेर जायचं नाही तर निदान वरच्या मजल्यावर तरी जाऊ या म्हणते, तेही नाही. आणि मग एका वर्षी अचानक त्याने वरच्या मजल्यावर घर घेतलं. माझ्या समोरचंच, दुसऱ्या मजल्यावरचं. फंडातून पैसे काढले होते. मी खूश झालो, शेजार चांगला मिळाला म्हणून. पेढे आले. माणसं मात्र आली नाहीत. महिना गेला, दोन गेले, घर रिकामंच. रविवारी विश्राम आत जायचा, दार लावून घ्यायचा, दोन-तीन तासांनी हाताला पांढरा रंग लागलेला बाहेर यायचा. आतून फरशीवर काहीतरी ओढल्याचा आवाज यायचा, थांबायचा, परत यायचा. माझी नात त्या दारासमोरून धावत जायची, चालत नाही.

शेवटी मी सेक्रेटरी म्हणून नोटीस काढली, की घराचा वापर कशासाठी चालला आहे याचा खुलासा करावा. विश्रामने खुलासा लिहिला नाही. किल्ली आणून दिली.

मी एकटा आत गेलो हे चुकलं. सामान एकही नाही. पाण्याने भरलेला एक माठ, भिंतीला ओळीने खिळे. आणि फरशीभर पांढऱ्या ऑइल पेंटने काढलेले चौकोन. लांबट, माणूस आडवा झाला तर मावेल एवढे. प्रत्येकात नाव. आये. मीनल. धुरीकाका. तावडेकाका, शेजारी तावडेकाकू. एक चौकोन दीड हाताचा, त्यात 'बाळ', नाव अजून ठेवलेलं नव्हतं. प्रत्येक चौकोनाची लांबी वेगळी होती, आणि मला तेव्हा एकदम त्या उंची विचारण्याचा अर्थ लागला. खिडकीतून खालचा नाला दिसत होता. मी कोणाच्या नावावर पाय पडू नये म्हणून भिंतीला धरून धरून बाहेर आलो.

"हे काय आहे विश्राम?" मी विचारलं. "स्मशान वाटतंय रे ते."

"तळमजल्याची जागा आहे," तो म्हणाला. "पाणी आलं की प्रत्येकाला माहीत पाहिजे, आपण कुठे बसायचं. नाहीतर जिन्यात गर्दी होते, आणि गर्दी झाली की म्हातारी माणसं मागे राहतात."

"मग तू आयेला घेऊन वर राहायला का येत नाहीस? घर तुझं आहे."

"मी वर आलो तर खालच्यांना वाटेल, डॉक्टर पळाला. मग ते घाबरतील तरी, नाहीतर मी सांगितलेलं ऐकायचं बंद करतील."

"आणि तुझा चौकोन कुठाय? मला दिसला नाही."

"मी दारात," तो म्हणाला. "मोजायला."

पुढची जनरल बॉडी माझ्या घरी भरली, तेव्हा लोकांनी त्याला धारेवर धरलं. अपशकुन, भीती, घराच्या किमती, सगळं निघालं. विश्राम उठला, सगळ्यांना माझ्या न्हाणीघराच्या दारात उभं केलं, मोरीच्या भोकावर पाय ठेवला आणि बादली ओतली. पाणी माझ्या पॅसेजपर्यंत आलं. "पाऊस म्हणजे ही बादली," तो म्हणाला. "आणि भरती म्हणजे हा माझा पाय. दोन्ही एका वेळी आली की नदीला जायला जागा नाही. मग ती तुमच्याकडे येणार. कधी ते मला तारखेसकट सांगता येत नाही. पण आता ती जास्त वेळा येणार, एवढं सांगतो." माझी बायको पोछा घेऊन उभी होती.

त्यानंतर दरवर्षी वैशाखातल्या एका रविवारी तालीम सुरू झाली. विश्राम पितळेची थाळी बडवत तळमजल्याच्या सहा दारांवरून जायचा आणि रणरणत्या उन्हात तेवीस माणसं जिना चढून वर यायची, आये खुर्चीत, चौघांच्या खांद्यावर. दारात चपला काढायच्या, आपापल्या चौकोनात बसायचं. सगळे आले का, हे बघायचं कसं? माणसं तर मोजायची नाहीत, आये समोर बसलेली. म्हणून विश्राम चपला मोजायचा. दाराबाहेर भिंतीलगत ओळ लागायची, शेवटी त्याच्या स्वतःच्या निळ्या पट्ट्याच्या स्लिपर. तेवीस जोड झाले की तो मला खूण करायचा आणि मी सोसायटीच्या वहीत आकडा लिहून सही करायचो. पाळण्यातल्या बाळासाठीसुद्धा त्याने दोन बोटांएवढ्या चपला आणल्या होत्या. ज्या पोराने अजून जमिनीला पाय लावला नाही, त्याच्या चपला ओळीत बघून मला कसंसंच व्हायचं.

धुरीकाकांचं एक वेगळं होतं. त्यांनी उभं आयुष्य मागाशेजारी काढलेलं, मागांच्या खडखडाटात कान गेलेले. एकटेच राहायचे आणि दुपारी झोपायचे. त्यांना थाळीचा उपयोग नाही. म्हणून त्यांची दुसरी किल्ली शेजारच्या तावडेकाकूंकडे होती. काकूंनी जायचं, दार उघडून धुरीकाकांचा पाय हलवायचा आणि त्यांना घेऊन वर यायचं. तालमीत काकू हे काम चोख करायच्या.

मधल्या एका हिवाळ्यात तावडेकाका गेले. त्याच महिन्यात तळमजल्यावर एक नवी सून आली, म्हणून आकडा तेवीसच राहिला. बारावं झाल्यावर मी विश्रामला म्हणालो, "आता त्यांचं नाव पूस बाबा. बरं दिसत नाही."

त्याने माझ्या शर्टाच्या खिशाकडे पाहिलं. "काकू रोज दुपारी येऊन बसतात तिथे," तो म्हणाला. "त्यांच्या चौकोनाच्या बाजूला, आपल्या चौकोनात. मी कसं पुसू?"

मला ते माहीत नव्हतं, आणि मी समोर राहत होतो. दुसऱ्या दिवशी दुपारी समोरचं दार अर्धवट उघडं दिसलं म्हणून मी डोकावलो. रिकाम्या घरात काकू पाय पसरून बसल्या होत्या आणि शेजारच्या फरशीशी हळू आवाजात भाजीचे भाव बोलत होत्या. मी दार होतं तसं लोटून घेतलं. विश्रामने तो चौकोन ठेवला. पुढे जे झालं त्याचं मूळ तिथे आहे, पण मी त्याच्या जागी असतो तर मीही ठेवला असता, असं आता वाटतं.

मग तो दिवस आला. शनिवार होता, श्रावण लागून थोडेच दिवस झाले होते. सकाळी साडेआठला विश्राम गच्चीवरून उतरताना जिन्यात भेटला आणि पहिल्यांदाच त्याने माझ्या डोळ्यांत पाहिलं. "आये काही खात नाही," म्हणाला. "गुडघा दुखत नाही म्हणते. अजिबात दुखत नाही." आणि खाली गेला. अकरा वाजता भुरभुर होती. साडेबाराला समोरची इमारत दिसेनाशी झाली. दीड वाजता नाल्याचा आवाज थांबला. पाऊस कोसळत होता आणि नाला गप्प होता. मी खिडकीतून पाहिलं तर पाणी वाहत नव्हतं, उभं होतं आणि फुगत होतं. त्याच वेळी खाली थाळी वाजली.

तालमीचा उपयोग झाला. कोणी ओरडलं नाही, कोणी ढकललं नाही. घोट्यापासून गुडघ्यापर्यंत भिजलेली माणसं ओळीने वर आली, चपला काढल्या आणि आत जाऊन आपापल्या नावावर बसली. वीज गेली होती. त्या अंधूक खोलीत चेहरे नीट दिसत नव्हते, वरच्या मजल्यावरचेही लोक चादरी, बिस्किटं घेऊन आत शिरले होते. पोरं रडत होती. सगळ्यांत शेवटी विश्राम आला, त्याने आपल्या स्लिपर टोकाला काढल्या आणि मी वही घेऊन बाहेर चपलांची ओळ मोजली. तेवीस जोड. आकडा लिहिला, सही केली आणि विश्रामला म्हणालो, "आले सगळे. बरोबर आहे."

तो नुसता हसला. चेहऱ्यावर असं समाधान मी त्याच्या लग्नातही पाहिलं नव्हतं. मग तो ओळीशी बसला. त्याने त्या चपला डोळ्यांनी मोजल्या नाहीत, एकेका जोडाला हात लावत गेला. पहिली, दुसरी, तिसरी. मध्ये त्याचा हात थांबला.

"सेक्रेटरी," तो म्हणाला, "हा जोड कोरडा आहे."

जुन्या, चामड्याच्या, पुरुषी चपला. अंगठ्याची जागा झिजून काळी पडलेली. खोलीत कोणीतरी बाळाला गप्प केलं. तावडेकाकू आपल्या चौकोनात उठून उभ्या राहिल्या. "ह्यांच्या आहेत त्या," त्या म्हणाल्या. "कपाटाखाली होत्या. भिजल्या असत्या ना रे. त्यांची जागा आहे इथे, म्हणून पदराखाली घालून आणल्या."

"काकू, धुरीकाका?"

काकूंनी कमरेची किल्ली चाचपली. ती तिथेच होती.

काकूंना बोल लावायला मी कोण? आकड्यापुढे सही माझी होती. विश्रामने काकूंच्या हातातून किल्ली घेतली आणि तो जिना उतरला. त्याच्या स्लिपर ओळीत शेवटी तशाच राहिल्या. पुराच्या पाण्यात अनवाणी जाऊ नका, हे वाक्य त्याने आम्हाला इतक्या वेळा ऐकवलं होतं की पोरं त्याची नक्कल करायची. मी पहिल्या मजल्याच्या वळणापर्यंत मागोमाग गेलो. तिथून खालच्या सहा पायऱ्या दिसत नव्हत्या. तपकिरी पाणी, त्यात कोणाचा तरी देव्हारा तरंगत होता. विश्राम एकेक पायरी खाली गेला. गुडघे गेले, कंबर गेली. बरोबर छातीपर्यंत पाणी आलं तेव्हा तो खाली पॅसेजमध्ये उभा होता. क्षणभर थांबून त्याने स्वतःच्या छातीकडे पाहिलं. मग तो भिंत धरत डावीकडे वळला आणि दिसेनासा झाला.

किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. मी वही छातीशी धरून उभा होतो. नंतर विश्राम आला तो पाठीवर धुरीकाकांना घेऊन. काका खाटेवर टेबल, टेबलावर स्टूल असं रचून वर बसले होते, मांडीवर गणपतीची तसबीर घेऊन. बहिरी माणसं बोलतात तसं मोठ्याने मला म्हणाले, "मी काय घाबरलो नव्हतो. म्हटलं, डॉक्टर मोजेल."

वर आल्यावर आयेने विश्रामला समोर बसवलं. त्याच्या डाव्या तळव्याला लांब चीर गेली होती, ट्रंकेचा पत्रा लागला म्हणाला. आयेने ती पदराने पुसली, पदर लाल झाला. मग तिने मान वर केली आणि आयुष्यभर जे केलं नव्हतं ते केलं. बोट उचलून, मोठ्याने, एकेका माणसाकडे दाखवत मोजायला लागली. तळमजल्याचं माणूस तेवढं धरायची, बाकीच्यांना वगळायची. बावीस झाले. मग विश्रामच्या डोक्यावर हात ठेवून तिने तेवीस म्हटलं आणि हात तसाच ठेवला.

दुसऱ्या दिवशी पाणी उतरलं. तिसऱ्या दिवशी गोळ्या वाटायला माणसं आली, पुराच्या पाण्यातून चाललेल्यांनी घ्यायच्या. उंदरांच्या मुतामुळे ताप येतो म्हणाले, पायाला जखम असेल तर विशेष. विश्राम त्यांच्याबरोबर दारोदार फिरला, प्रत्येकाला स्वतःसमोर गोळी गिळायला लावली, धुरीकाकांच्या तोंडात बोट घालून बघितलं. लंगडत होता. मग दिवसभर भिंतींवर पाणी कुठवर आलं त्याच्या खुणा करत हिंडला. त्याने स्वतः गोळी घेतली का? मीनलवहिनीला वाटलं संस्थेत घेतली असेल, मला वाटलं घरी घेतली असेल. त्याला मोजणारं कोणी नव्हतं.

आठव्या दिवशी ताप आला, दहाव्या दिवशी डोळे पिवळे झाले. इस्पितळात न्यायला रिक्षा बोलावली. तो भिंत धरत जिन्यापर्यंत आला. चपला पुरापासून वरच आहेत, आणतो, असं मी म्हटलं, तर म्हणाला, "राहू दे रे. ओळ मोडेल." माझ्याच चपला त्याच्या पायांत सरकवल्या. त्याला थोड्या मोठ्या झाल्या. रिक्षात बसल्यावर त्याने बाहेर वाकून माझ्याकडे पाहिलं, छातीकडे नाही, चांगलं चेहऱ्याकडे, आणि विचारलं, "वहीत खोडलंस का रे ते तेवीस?" मी नाही म्हणालो. "खोड," तो म्हणाला. "चूक आकडा ठेवू नये." रिक्षा गेली. चौथ्या दिवशी इस्पितळातून फोन आला. माझ्या चपला मीनलवहिनीने पिशवीत घालून परत आणून दिल्या. मी त्या घातल्या नाहीत अजून.

वहीतलं तेवीस मी खोडलं. त्याच्यापुढे काय लिहावं ते सुचलं नाही.

आता दोन वर्षं झाली. तालीम बंद पडेल असं वाटलं होतं, पण आयेने पडू दिली नाही. उलट एक गोष्ट वाढवली. आता जिन्याच्या तळाशी पाण्याने भरलेलं मोठं घमेलं ठेवतात. थाळी वाजली की प्रत्येकाने त्यात चपलेसकट पाय बुडवायचे आणि मगच चढायचं. वैशाखाच्या भर उन्हात ओली पावलं जिना चढत जातात, एका पावलाशेजारी दुसरं, दुसऱ्या मजल्यापर्यंत. वर दारात ओल्या चपलांची ओळ लागते. कोरडा जोड दिसला तर ते माणूस आलेलं नाही. उंबऱ्यावर कोणी पाय ठेवत नाही, सगळे ओलांडून आत जातात. असं करायला कोणी सांगितलेलं नाही. तावडेकाकू धुरीकाकांचा हात घट्ट धरून सगळ्यांत आधी येतात आणि त्यांना चौकोनात बसवेपर्यंत सोडत नाहीत.

या वर्षी थाळी मीनलवहिनीने वाजवली. सगळे वर आले. मी वही घेऊन ओळीशी बसलो आणि शिकल्याप्रमाणे एकेका जोडाला हात लावत गेलो. बावीस ओले. ओळीच्या शेवटी निळ्या पट्ट्याच्या स्लिपर, दोन वर्षं तिथेच असलेल्या, धुळीने पांढऱ्या झालेल्या.

आयेला खुर्चीवरून चौघांनी आत नेलं होतं. तिने तिथूनच मला हाक मारली. गेल्या वर्षी हे तिने स्वतः वाकून केलं होतं, मी जिन्यात होतो, मला दिसलं नव्हतं. आता तिला वाकता येत नाही. माठातून तांब्या भरून तिने माझ्यापुढे धरला, थोडं पाणी माझ्या पायावर सांडलं.

"त्येच्या व्हाणो सुक्यो दिसतत," ती म्हणाली. "तश्योच ऱ्हवल्यो तर तो येवक नाय असा होतला. ओत रे झिला."

मी दारात गेलो. आत बावीस माणसं आपापल्या नावावर बसून माझ्याकडे बघत होती, पोरंसुद्धा. मी वाकून पाणी ओतलं. धूळ वाहून गेली, पट्टे पुन्हा निळे दिसायला लागले आणि पाणी उंबऱ्याकडे सरकत गेलं. मग मी वही उघडून तेवीस लिहिलं आणि खाली सही केली.